ओठ त्यांचे, आवाजही त्यांचाच

कालिंदीताई म्हसकर यांना मी पडद्यावर खूप नंतर पाहिले. आधी पाहिले ते अंधेरीच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत, जिन्याखालच्या बाकावर बसून डब्यातली पोळी आणि भेंडीची भाजी खाताना. तोवर माझी समजूत होती की सिनेमातली माणसे घरचा डबा आणत नसावीत.

मी तेव्हा विशीत होते. मरोळच्या गावठाणात आमचे घर. आम्ही तिथले जुने ख्रिस्ती शेतकरी. घरात बोलायचो ती मराठीच, पण आमच्या गावठाणाची. चर्चच्या नाटकात मी रडण्याच्या भूमिका बऱ्या करते, एवढ्या भांडवलावर एका ओळखीच्यांनी मला 'गर्दीचे आवाज' द्यायला पाठवले होते. पडद्यावर आग लागते, माणसे सैरावैरा पळतात, तेव्हा मागून जो गलका ऐकू येतो तो स्टुडिओतल्या माइकपुढे उभी राहून माझ्यासारखी माणसे करत असतात. नाव कुठे येत नाही, पण काम मजेचे असते.

त्या दिवशी एक बाई आल्याच नाहीत आणि त्यांच्या वाट्याचे एक वाक्य माझ्याकडे आले. पडद्यावरची आई ओरडते, "बाळाला पाणी द्या हो!" मी जीव तोडून ओरडले, "बालाला पानी द्या हो!" काचेपलीकडे हशा पिकला. कुणीतरी म्हणाले, "अरे यार, हिला कुठून आणलीत?"

मी माइकपासून मागे सरकले. एवढ्यात दार ढकलून कालिंदीताई आत आल्या. डबा हातातच होता.

"हसता काय? त्या पोरीच्या आवाजातलं रडं ऐकलंत का? ते शिकवता येत नाही. 'ळ' शिकवता येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाव काय गं तुझं?"

"फिलोमिना."

"चल फिलू, बाहेर ये."

बाकावर शेजारी बसवून त्यांनी मला जीभ मागे कशी वळवायची, टाळूला टेकवून कशी सोडायची ते दाखवले. बाळ, फळा, कावळा, केळफूल. मी चुकले की त्या पोळीचा घास घ्यायच्या, चावून होईपर्यंत माझी वाट पाहायच्या. संध्याकाळपर्यंत ते वाक्य माझ्याच आवाजात पक्के झाले. निघताना त्या म्हणाल्या, "आईशी बोलताना मात्र हे बोलणं घरी नेऊ नकोस हं. बाहेर जाताना कपडे बदलतो तसं आहे हे. घरचे कपडे काही आपण टाकून देत नाही."

कालिंदीताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला मला सांगण्यात आले, तेव्हा आधी संकोच वाटला. त्यांच्याबरोबर पडद्यावर उभी राहिलेली मोठी नटमंडळी या ग्रंथात लिहीत आहेत. मी पडद्यामागची. जन्मभर दुसऱ्यांच्या ओठांवर आपला आवाज बसवला. पण ताईंच्या आयुष्यातला एक काळ असा आहे की तो मी फार जवळून पाहिला आहे, आणि तो सर्वांना कळावा असे वाटते. त्याआधी त्यांच्या कामाविषयी थोडे सांगते.

जाणकार लोक ताईंचे नाव निघाले की 'चुलतघर' या चित्रपटातल्या थोरल्या जावेपासून सुरुवात करतात, ते योग्यच आहे. एकत्र कुटुंब वेगळे होते, घरात दोन चुली मांडल्या जातात, आणि त्याच दिवशी ताई नेहमीप्रमाणे पंगतीला तूप वाढायला येतात. धाकट्या दिराच्या पानापाशी हात जातो आणि थांबतो. हे पान आता आपल्या चुलीचे नाही. क्षणभर वाटी तशीच हवेत. मग त्या तूप वाढतात, रोजच्यापेक्षा थोडे जास्तच, आणि आत निघून जातात. वाक्य एकही नाही. मी तो चित्रपट मालाडच्या थिएटरात आईबरोबर पाहिला, तेव्हा आमच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. तूप वाढणारी बाई मुकी राहून एवढे कसे सांगते, हे मला काही केल्या उमजेना.

पुढच्या भेटीत मी विचारलेच. "ताई, त्या वेळी मनात काय आणलंत?"

"काय आणणार? वाटी तापलेली होती गं. बोटं भाजत होती. कधी एकदा खाली ठेवते असं झालं होतं, आणि ठेवता तर येत नव्हती."

मी हसले. पण घरी आल्यावर विचार करत राहिले. त्या जावेचेही तसेच झाले असेल. हातातले घर धरवत नव्हते आणि ठेवताही येत नव्हते. ताई मोठमोठे शब्द टाळतात. वाटी, चटका, पायातली चप्पल, अशा धरता येणाऱ्या गोष्टींपासून त्या भूमिकेत शिरतात.

दुसरी भूमिका आमच्या घरातून गेली, म्हणून मला जास्त जवळची. ताई तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या आणि त्यांना सत्तरीची म्हातारी करायची होती. उपनगरातल्या गावठाणात राहणारी, भातशेती कारखान्यांसाठी गेलेली म्हातारी. एके सकाळी त्या थेट मरोळला आमच्या दारात उभ्या राहिल्या. उन्हाळ्याचे दिवस. अंगणात आईचे आणि शेजारच्या बायकांचे बाटली मसाल्याचे कांडप चालले होते. वर्षाचा मसाला करून तो बाटल्यांत भरून ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. मी धावत गेले, खुर्ची आणली. आईने ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "तू नटी ना, बाय? मंग खुर्चीवर बसून काय कलेल तुला? मुसल धर."

ताईंनी मुसळ धरले. हातांना फोड येईपर्यंत त्या कांडत राहिल्या, शिंकत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मग येतच राहिल्या. आईचे बोलणे त्या ऐकायच्या, पण तिच्यासमोर तिची नक्कल त्यांनी कधी करून पाहिली नाही. एकदा त्यांनी विचारले, "रागावल्यावर तुम्ही कशा बोलता हो?"

आई म्हणाली, "रागावल्यावर मी बोलतच नाय. भांडी घासते."

चित्रपटात जमिनीचे कागद घेऊन माणसे येतात तो प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. माणसे बोलत राहतात आणि म्हातारी आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला काढते. तिच्या घासण्याचा आवाज वाढत वाढत जातो, शेवटी त्या माणसांना बोलणे थांबवावे लागते. या भूमिकेसाठी ताईंचा ठिकठिकाणी गौरव झाला. आमच्या घरी मात्र आई चित्रपट पाहून आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "ती मी नाय. ती माझी सासू." ही दाद ताईंनी पुढे अनेक भाषणांत सांगितली. त्यांना ती फार मोलाची वाटते.

आई गेली तेव्हा ताई चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. नंतर घरी माणसांची ही गर्दी. चहा, कॉफी, कुणाला पाणी. मी सगळ्यांना भेटत होते, रडत होते, घराकडे माझे लक्ष नव्हते. दुपारी स्वयंपाकघरात गेले तर मोरीपाशी ताई बसलेल्या. साडी खोचलेली, बांगड्या वर सरकवलेल्या, समोर कपबशांचा ढीग. मी म्हटले, "ताई, अहो हे काय?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "मला रडता येत नाहीये, फिलू. असू दे."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्या घासत होत्या, मी विसळत होते. त्या दिवशी मला आणखी कुणाची गरज वाटली नाही.

धंद्यातले मला जे काही येते ते ताईंनी शिकवले. "ओठांकडे बघू नकोस, श्वासाकडे बघ," त्या सांगायच्या. "माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. तो पकडलास की ओठ आपोआप जुळतात." या एका सूचनेवर माझे आयुष्य चालले. कितीतरी नायिकांना मी आवाज दिला. ताई आजारी असल्या, घसा बसलेला असला, की त्यांची एखाददुसरी ओळही त्यांच्या सांगण्यावरून मी भरून देत असे. त्यांच्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती की फोनवर म्हसकरकाकाही फसायचे. काका म्हणजे ताईंचे यजमान. एका कंपनीच्या ऑफिसात आयुष्यभर नोकरी केलेले, बोलघेवडे आणि ताईंच्या प्रत्येक चित्रपटाचे पहिले प्रेक्षक. मुलुंड पूर्वेला त्यांचे दोघांचे घर. तिथे कधीही गेले तरी काका बोलत असायचे आणि ताई ऐकत असायच्या.

त्याच घरात, सत्तरी ओलांडल्यानंतर थोड्याच दिवसांत, ताईंना अर्धांगाचा झटका आला. सकाळी चहा गाळताना गाळणे हातातून पडले. काकांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि वेळेत इस्पितळात नेले म्हणून जीव वाचला. हातापायांतली ताकद हळूहळू परत आली. बोलणे मात्र गेले. समजत सगळे होते, आठवतही होते, पण मनातला शब्द तोंडापर्यंत पोचायचाच नाही. पोचला तर भलताच पोचायचा. पाणी हवे असायचे आणि तोंडून 'दार' निघायचे. तो चुकीचा शब्द त्यांना स्वतःला ऐकू यायचा आणि त्या डोळे मिटून घ्यायच्या. उच्चारासाठी मला पोळीचे घास मोजून शिकवणारी बाई ती. मला ते पाहवत नसे. तरी मरोळहून पवई, भांडुप करत मी मुलुंडला जात राहिले.

काकांना घरातली शांतता सहन होईना. ते पूर्वीपेक्षा दुप्पट बोलू लागले. पेपर वाचून दाखव, शेजाऱ्यांच्या भानगडी सांग, पावभाजीत मटार घालावेत की नाही यावर भाषण दे. एका दुपारी मी तिथेच होते. काकांचे अखंड चालले होते. ताईंनी श्वास घेतला, ओठ मिटले, उघडले आणि स्वच्छ म्हणाल्या, "गप्प!"

काका थबकले. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागले. "ऐकलंस, फिलू? मला गप्प म्हणाली! दोन 'प' म्हणाली!" तो माणूस पुढचे कित्येक दिवस सोसायटीत प्रत्येकाला अडवून सांगत होता की बायकोने मला गप्प बसवले.

त्यानंतर शब्द एकेक करून येऊ लागले. बोलणे परत यावे म्हणून वाचोपचार करणाऱ्या बाई घरी यायच्या, त्यांनी फार कष्ट घेतले. शेजाऱ्यांनी प्रेमाने सुचवले की ताईंना त्यांचे जुने चित्रपट दाखवा, संवाद आठवतील. काकांनी 'चुलतघर' लावला. पडद्यावर तरुण कालिंदीताई खणखणीत आवाजात नवऱ्याशी वाद घालत होत्या. ताईंनी थोडा वेळ पाहिले, मग रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"का हो ताई?"

त्यांनी बंद पडद्याकडे बोट केले. "तिला... येतं," त्या म्हणाल्या. "मला... नाही."

मी रिमोट त्यांच्या हातून घेऊन बाजूला ठेवला.

असे असताना ऋचा नावाची एक तरुण दिग्दर्शिका आपला पहिला चित्रपट घेऊन ताईंकडे आली. घाटकोपरची एक जुनी इमारत पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे आणि सगळे भाडेकरू गेले तरी एक वृद्ध बाई जात नाही, अशी गोष्ट. ऋचाने सरळ सांगितले, "ताई, तुम्ही आता जशा बोलता तशीच ती बोलेल. मला दुसरी कुणी नको." काकांना धास्ती वाटत होती. ताईंनी मान हलवली आणि कपाटातून चित्रीकरणाला न्यायची आपली जुनी पिशवी काढली.

चित्रीकरण झाले. ताई दमायच्या, पण चेहऱ्यावर पूर्वीचे तेज आलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. अडचण निराळीच निघाली. घाटकोपरवरून विमाने इतकी खाली जातात की तिथे घेतलेला आवाज कामाचा राहिला नाही. सगळे संवाद स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागणार होते. कॅमेऱ्यापुढे मनाला येईल तेव्हा, अडखळत बोलणे वेगळे, आणि आपल्याच हलणाऱ्या ओठांवर नेमक्या क्षणी शब्द बसवणे वेगळे. ते धडधाकट माणसालाही जड जाते.

निर्मात्यांच्या माणसाने मला फोन केला. "फिलोमिनाताई, तुम्ही कालिंदीताईंचा आवाज हुबेहूब काढता म्हणे. करून टाका ना. प्रेक्षकालाही जरा स्पष्ट ऐकू येईल."

मी वेळ मागून घेतला आणि मुलुंड गाठले. ताईंना सगळे सांगितले. काका नेहमीसारखे मध्ये बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले.

ताई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कर."

"ताई, तुमच्या तोंडी माझा आवाज? या चित्रपटात?"

"पिक्चर... मोठा. मी..." पुढचा शब्द येईना. त्यांनी हाताने जमिनीजवळची उंची दाखवली. एवढीशी.

"मी नाही करणार."

त्या रागावल्या. कित्येक वर्षांत मी त्यांना असे रागावलेले पाहिले नव्हते. "काम! नाही... नाही म्हणायचं!" दुसऱ्यासाठी चालून आलेले काम सोडू नये, आणि स्वतःसाठी दुसऱ्याचे काम अडवू नये, हे त्यांनी आयुष्यभर पाळलेले. ऋचाची पहिलीच फिल्म आपल्यामुळे अडकू नये, एवढेच त्यांच्या डोक्यात होते. मी शेवटी अट घातली की ताई स्टुडिओत सोबत येऊन बसतील तरच करीन. त्यांनी मान्य केले.

अंधेरीच्या त्या स्टुडिओत आमचे सावंतदादा ध्वनिमुद्रणाला होते. मालवणकडचे, शांत माणूस. ताई काचेपलीकडे त्यांच्या शेजारी बसल्या, ऋचा आणि निर्मात्यांचा माणूस मागे. पडद्यावर पहिला प्रसंग आला. मी श्वास पकडला, ताईंच्या आवाजात, ताईंच्याच अडखळण्याने बोलले. ओठ तंतोतंत जुळले.

"झकास!" निर्मात्यांचा माणूस म्हणाला. "कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी काचेकडे पाहिले. पलीकडे ताईंचे ओठ हलत होते. माझे वाक्य संपले होते, पडद्यावरची प्रतिमा थांबली होती, आणि त्या आवाज न करता तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहत होत्या. जिथे मी नुसती थांबले होते तिथे त्या शब्द शोधत होत्या. माझे अडखळणे नक्कल होती. त्यांच्या अडखळण्यात त्या बाईचे सगळे घर होते.

मी कानावरचे हेडफोन काढले. "ऋचा, ताईंना आत बोलवा."

"अहो, पण वेळ जाईल," तो माणूस म्हणाला. "स्टुडिओ उद्या दुसऱ्यांना दिलाय."

ऋचा ताईंकडे पाहत होती. "जाऊ दे वेळ," ती म्हणाली. "मी बोलते स्टुडिओवाल्यांशी."

ताई यायला तयार नव्हत्या. मी त्यांचा हात धरून आणले. पहिल्या प्रयत्नात शब्द उशिरा आला. दुसऱ्या वेळी भलताच आला. पुढे तर काहीच येईना. पडद्यावरचे त्यांचे स्वतःचे ओठ पुढे निघून जात आणि त्या मागे राहत. त्या माइकपासून दूर होऊ लागल्या.

सावंतदादांचा आवाज आला, "ताई, घाई नाय हां. माका घराक जावची घाई नाय, तुमका कित्या?"

ताई किंचित हसल्या. तेवढ्यात मला सुचले. मी माइक आणि पडदा यांच्या मध्ये, जरा बाजूला उभी राहिले. "ताई, पडदा विसरा. माझ्याकडे बघा. माझ्या तोंडाकडे."

पडद्यावर प्रसंग सुरू झाला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पडदा पाहत श्वास घेतला, त्यांनी माझ्याबरोबर घेतला. मी आवाज न काढता तोंडाने शब्दाचा आकार केला, आणि त्या आकारावर ताईंचा शब्द येऊन बसला. थोडा ओढलेला, कडांना फाटलेला, पण त्यांचा. काचेपलीकडे ऋचाने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

मी जन्मभर परक्या ओठांवर माझा आवाज बसवत आले होते. त्या दिवशी माझ्या मुक्या ओठांवर ताईंचा आवाज येऊन बसला. आणखी काय मागायचे मी माझ्या धंद्याकडे?

काम एका दिवसात झाले नाही. ऋचाने कुणाकुणाला विनवण्या करून स्टुडिओ मिळवला आणि आम्ही पुन्हा पुन्हा जात राहिलो. एक वाक्य मात्र काही केल्या जमेना. लिहिलेले वाक्य असे होते: "हे घर माझ्या नावावर नाही, पण ते माझं आहे." ताईंनी किती वेळा प्रयत्न केला त्याला गणती नाही. शेवटी त्या थांबल्या, माझ्याकडे पाहणेही सोडले, सरळ पडद्यावरच्या बाईकडे पाहिले आणि म्हणाल्या, "नाव... नाही. माझं."

सावंतदादांनी ऋचाकडे पाहिले. "ओठ थोडे सुटले, पुरते जुळले नाहीत," ते हलकेच म्हणाले.

"सुटू देत," ऋचा म्हणाली. चित्रपटात तेच आहे.

मुलुंडच्या थिएटरात आम्ही सगळे एकत्र गेलो. माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ बायकोला विचारत होते, "ही बाई खरंच अशी बोलते, का ॲक्टिंग आहे?" बायको म्हणाली, "तू थांब ना, मला ऐकायचंय." ते वाक्य आले तेव्हा थिएटरात कुणी खोकलेसुद्धा नाही. ताई अंधारात ताठ बसून पडद्याकडे पाहत होत्या. या वेळी त्यांनी पाहणे अर्ध्यावर सोडले नाही. चित्रपट संपल्यावर काका म्हणाले, "कालिंदी, तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम." ताईंनी नाक मुरडले. "दुसऱ्या... सीनमध्ये... चुकले," त्या म्हणाल्या. कोणता सीन ते त्यांनी आजतागायत सांगितलेले नाही.

या चित्रपटानंतर ताईंच्या घरी एक निराळी वर्दळ सुरू झाली. वाचोपचाराच्या बाईंनी आधी भांडुपच्या एका शिक्षिकेला यजमानांसह आणले. त्यांच्या यजमानांचे बोलणे असेच गेले होते आणि ते चारचौघांत तोंड उघडायलाच तयार नव्हते. ताई त्या गृहस्थांसमोर खुर्ची ओढून बसल्या, आपल्या ओठांकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "बघा." आता दर आठवड्याला त्यांच्या हॉलमध्ये चार-पाच माणसे जमतात. उपचार करतात त्या बाईच. ताई फक्त समोर बसतात, स्वतः चुकतात, हसतात आणि पुन्हा म्हणून दाखवतात. एवढी मोठी नटी आपल्यासमोर चुकते म्हटल्यावर त्या माणसांची भीड चेपते. काका सगळ्यांना चहा देतात आणि आपल्याला कसे गप्प बसवले गेले ती गोष्ट सांगतात.

परवाच मी मुलुंडला गेले होते. या ग्रंथासाठी काय लिहू, ते विचारायचे होते. ताईंना त्यात रस नव्हता. ऋचा नव्या चित्रपटाची संहिता ठेवून गेली होती. ताईंना त्रास नको म्हणून तिने त्यांच्या भूमिकेला मोजकेच संवाद ठेवले होते. ताईंनी ती माझ्यापुढे सरकवली, आपल्या ओळींवर बोट टेकवले आणि नाराजीने मान हलवली.

"अवघड आहेत का, ताई? ऋचाला सांगून कमी करून घेऊ?"

"छे!" त्या म्हणाल्या. मग नेहमीसारखा श्वास घेतला. मी सवयीने माझे ओठ हलवू लागले, तशी त्यांनी हाताने मला थांबवले. शब्द त्यांचा त्यांनीच शोधला.

"अजून... हवेत."

आम्हा सर्व सहकाऱ्यांच्या, शिष्यांच्या आणि रसिकांच्या वतीने पंचाहत्तराव्या वर्षी ताईंना मी आणखी काय शुभेच्छा देणार? ताई, प्रकृती ठणठणीत राहो, काकांची बडबड तुमच्या कानांवर पडत राहो, आणि तुम्ही मागाल तेवढे संवाद तुम्हाला मिळोत. आम्हालाही तुमच्याकडून तेच हवे आहे. अजून.